उमेंद्रच्या रॉकेटचं पॉलिश

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी अधिक श्रावण आला, सगळे सण लांबले आणि दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. मला एवढं नेमकं आठवतं, कारण त्या वर्षी मी दिवस मोजत होते, आणि दिवस जितके लांबतील तितकं मला हवं होतं. माझा मुलगा उमेंद्र जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. घरात मी, त्याचे बाबूजी आणि त्याची बायको भूमेश्वरी, असे तिघेच होतो.

आमचं घर मुर्रीला, गोंदिया जिथं संपतं तिथं. शेती आहे, पण उमेंद्रच्या बाबूजींचा, म्हणजे मनोहरलालजींचा, जीव लाकडात. त्यांनी शहरात फर्निचरचा कारखाना टाकला तेव्हा माझे सासरे दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. पोवाराच्या पोरानं नांगर सोडून रंधा धरला, हे त्यांना सहन झालं नाही. मी मात्र त्या कारखान्यात रमले. सागवानाचे पलंग, देव्हारे, आरामखुर्च्या तिथं होत, आणि त्यांना पॉलिश करण्याचं काम चाळीस वर्षं माझ्याकडे होतं. चपडा, म्हणजे वितळवून पातळ पापुद्रे केलेली लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, मलमलीतून गाळायची, धोतराच्या जुन्या कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडावर फिरवायचा. एकदा फिरवला की एक हात झाला. वाळू द्यायचं, बारीक काचपेपरनं घासायचं, पुसायचं, मग दुसरा हात. आमच्या कारखान्याची रीत सात हातांची होती. बालाघाट, डोंगरगडची गिऱ्हाइकं त्यासाठीच आमच्याकडे येत. जितके हात जास्त, तितकं काम चांगलं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं.

उमेंद्र लहानपणी त्याच भुशात खेळला. पुढं एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागला. रॉकेटचा नाद त्याला तिथंच लागला. दिवाळीचं रॉकेट नव्हे. जाड कागदाची हातभर नळी, वर टोकदार नाक, खाली बाल्सा नावाच्या कापसासारख्या हलक्या लाकडाचे तीन पंख. नळीच्या बुडात बोटाएवढी मोटर बसते, ती हैदराबादहून मागवावी लागे. तारेनं दुरून पेटवली की रॉकेट सळईवरून निसटून वर जातं, वर गेल्यावर नाक सुटतं, आतलं पॅराशूट उघडतं आणि सगळं सावकाश खाली येतं. पुन्हा मोटर घातली की पुन्हा उडवता येतं. त्यानं अशी चार उडवली होती. पाचवं स्वतः आखलेलं होतं, सगळ्यात मोठं. लॉकडाऊनमध्ये तो आणि भूमेश्वरी मागच्या पडवीत बसून ते करत. ती बीएस्सी झालेली, गणिताची. तो लाकूड कापायचा, ती वजन करून वहीत लिहायची. मी चहा घेऊन गेले की दोघं एकदम बोलायचे थांबत, आणि मग हसत.

एप्रिल २०२१ मध्ये त्याला ताप आला. सहा दिवसांत तो गेला.

रॉकेट तसंच राहिलं. नळी होती, पंख चिकटवलेले होते, नाक बसत होतं. रंग, पॉलिश काही नव्हतं. भूमेश्वरीनं ते जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. अडीच वर्षं आम्ही कोणी त्याला हात लावला नाही.

जूनमध्ये मनोहरलालजींनी स्वतःच विषय काढला. जेवण झालं होतं, भूमेश्वरी ताटं उचलत होती.

"बस वो बाई," ते म्हणाले. "वारासिवनीहून निरोप आला. पोरगा कृषी खात्यात आहे. धनेंद्र नाव. बायको वारली, लेकरूबाळ नाही. तुह्या भावानं पाह्यलं, मी पाह्यलं. माणूस बरा आहे."

"बाबूजी, तुम्ही कधी पाहिलं?"

"गेल्ता ना मी. रविवारी. सांगितलं, बियाणं पाहाले चाललो."

"बियाणं पाहायला वारासिवनीला?"

"मंग काय सांगू? सुनेसाठी नवरा पाहाले चाललो म्हणू?"

ती हसली नाही. ताटं घेऊन आत गेली. एकोणतीस वर्षांची होती. बाबूजींचं बरोबर होतं, ते मला कळत होतं. पण मला मुलगी नव्हती, मुलगा गेला होता, आणि या पोरीच्या पावलांचा आवाज गेला तर त्या घरात काय उरणार होतं, तेही मला कळत होतं.

तीन दिवसांनी तिनं भावाला, ओमेशला, माझ्यासमोर फोन लावला. "मी तयार आहे," ती म्हणाली. "पण आधी ह्यांचं रॉकेट पूर्ण करते. ते उडालं की या घ्यायला. त्याच्या आधी तारीख काढू नका."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आई, पॉलिशचं तुम्ही कराल का? ह्यांनी तसंच ठरवलं होतं. म्हणायचे, शेवटचं काम आईकडं."

मी हो म्हणाले. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नव्हतं, हे खरं आहे. सुचलं ते नंतर, हळूहळू.

आधी पावसाळ्याचं निमित्त होतं, आणि ते खोटं नव्हतं. दमट हवेत लाखेचं पॉलिश धरत नाही, दुधासारखं पांढरं पडतं. मग मी म्हटलं, बाजारचा चपडा भेसळीचा येतो, उमेंद्रच्या वस्तूला तो लावणार नाही. चिचगडला योगराज राहतो, उमेंद्रचा कॉलेजातला मित्र. त्याचे वडील मंगरूभाऊ पळसावर लाख घेतात. कार्तिकातली लाख निघाली की त्यांच्याकडून आणू, असं मी ठरवून टाकलं.

योगराज एकदा घरी आला तेव्हा त्याला हे ऐकवलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"काकू, रायपूरहून स्प्रेचा डबा आणतो ना. फुस केलं का झालं काम. अर्ध्या घंट्यात."

"त्या फुसनं तुह्या बायकोची ड्रेसिंग टेबल रंगव," मी म्हटलं. "माह्या घरी नाही चालत."

"मंग दिवाळीपर्यंत थांबाचं?"

"थांबाचं."

"वहिनी, तुम्ही काही बोलत नाही?"

भूमेश्वरी म्हणाली, "आईंचं काम आहे. त्यांना माहीत."

तिनं माझ्यावर एवढा विश्वास टाकला होता, म्हणून पुढचं सांगणं मला जड जातं.

दिवाळी झाली. योगराजनं पिशवीभर लाख आणून दिली. काड्यांवरून खरवडलेली, लाल-तपकिरी, मातीचा वास असलेली. मी ती धुतली, सुकवली. कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यासमोर धरली, पिळत पिळत वितळलेली लाख बाहेर काढली, तिचा पातळ पापुद्रा केला. हे मी माझ्या तरुणपणी भट्टीवर पाहिलं होतं, पन्नास वर्षांनी करत होते. हात भाजले. त्यात आठवडा गेला. मनोहरलालजी खुर्चीवरून पाहत होते.

"गोमते, देव्हारा करून राहिली का फटाका?"

"तुम्ही पेपर वाचा."

"वाचला. दोनदा वाचला. तुहं होईपर्यंत उद्याचा येते."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भूमेश्वरीनं रॉकेट माझ्या हातात दिलं. पडवीत मांडी घालून बसली आणि मला समजावलं. नळीवर कागद गुंडाळल्याची गोल गोल रेघ असते, ती खडूच्या पुडीनं भरायची. पंखांच्या लाकडाची छिद्रं बंद करायची, म्हणजे हवा नीट सरकते. मग तिनं बुडात मोटर बसवून रॉकेट एका बोटावर तोललं आणि ते जिथं आडवं स्थिर राहिलं ती जागा मला दाखवली. तिथं पेन्सिलची खूण होती, उमेंद्रनं केलेली.

"वजनाचा मध्य इथं असला पाहिजे, आई. याच्या मागं गेला तर रॉकेट सरळ जात नाही, वर गेलं की उलटतं. म्हणून शेपूट जड होऊ द्यायची नाही. पंखांना तीन हात. तीनच. आणि पातळ."

"तीन हातांनं काय चमक येते? सातची रीत आहे आपली."

"पलंग उडत नाही, आई."

मी हसले. ती पण हसली. मला सगळं समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं मी योगराजला म्हटलं की मला समजलं नव्हतं, आणि त्यानं ते खरं मानलं.

भूमेश्वरी दुपारी शहरात शिकवणीला जायची, दहावीच्या पोरींना गणित शिकवायला. बाबूजी त्या वेळी झोपत. मी पडवीत उन्हाच्या कडेला बसून काम करायची. पहिला हात दिला तेव्हा कोरडं लाकूड तो पिऊन गेलं. पंखांवर उमेंद्रनं पेन्सिलनं आकडे घातले होते, एक, दोन, तीन, आणि लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेनं आहेत त्याचा बाण. लाखेखाली ते आकडे गडद झाले, जणू आत्ताच लिहिले. मी बराच वेळ ते पाहत बसले. दुसरा हात, तिसरा हात. तिसऱ्यानंतर काम झालं होतं. नळी गुळगुळीत झाली होती, पंखांना मधासारखा रंग आला होता. संध्याकाळी भूमेश्वरीनं विचारलं, "झालं का?"

"अजून एक राहिला," मी म्हटलं. "वाळू दे."

दुसऱ्या दिवशी मी चौथा हात दिला. मग पाचवा. रोज ती विचारायची, रोज मी म्हणायची, वाळत आहे. नळीला मी जास्त लावत नव्हते. पंखांनाच लावत होते. त्याच्या हातांनी कापलेलं तेवढंच होतं, त्यामुळे बोळा तिकडंच जायचा, असं मी स्वतःला सांगत होते. पण शेपूट जड होऊ द्यायची नाही, हे शब्दही रोज दुपारी माझ्या कानात होते. नववा हात दिला त्या दिवशी मी पंखांच्या बुडाशी खडूची पूड आणि लाख कालवून जाड भर घातली, गोलाई नीट यावी म्हणून. काम इतकं सुरेख झालं होतं की पाहून कोणी नाव ठेवलं नसतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी भूमेश्वरी म्हणाली, "आज फिरवून पाहू."

मला वाटलं, फिरवून म्हणजे सगळ्या बाजूंनी बघायचं. ती मोटर घेऊन आली, नळीच्या बुडात बसवली. मग दोरा घेतला, रॉकेट बोटावर तोललं, जिथं तोललं गेलं तिथं दोरा बांधला. बोट पेन्सिलच्या खुणेवर नव्हतं. दोन बोटं मागं होतं. तिनं ते पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि डोक्याभोवती दोरा फिरवू लागली.

सरळ रॉकेट असं फिरवलं की नाक पुढं धरून जातं. उमेंद्र याच अंगणात फिरवायचा तेव्हा मी पाहिलेलं होतं. हे नाक पुढं धरेना. एक फेरी आडवं गेलं, मग वळलं आणि शेपूट पुढं करून फिरू लागलं. तिनं दोरा लांब केला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच. बाबूजी खुर्चीतून उठून उभे राहिले.

तिनं ते थांबवलं, हातात झेललं, आणि घरात जाऊन उमेंद्रचा छोटा वजनकाटा आणि वही घेऊन आली. पडवीत बसली. वजन केलं. वहीत पाहिलं.

"आई, पंखांना किती हात दिले?"

"तीन."

"आई."

मी बोळ्याच्या कापडाची घडी करू लागले.

"अकरा ग्रॅम जास्त आहे. सगळं शेपटीला."

"नऊ दिले," मी म्हटलं. "आणि बुडाशी भर घातली."

"काऊन वो?" बाबूजी म्हणाले. "तुले सांगितलं होतं ना तिनं?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

भूमेश्वरीनं त्यांना हातानं थांबवलं. माझ्या समोर बसली, एवढी जवळ की तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता.

"तुम्हाला मी जाऊ नये वाटतं ना?"

"हो."

"मग तोंडानं सांगायचं. यांच्या रॉकेटवर कायले लादलं?" ती माझ्याशी नेहमी नीट शहरी बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "चिचगडच्या शेतात उडवणार होतो, तिथं तसंच उडवलं असतं तर वर जाऊन वळलं असतं. खाली मंगरूकाका उभे राहिले असते, बाबूजी उभे राहिले असते. ते कोणाच्या अंगावर आलं असतं, तर? ह्यांचं नाव लागलं असतं त्याला."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. देवाची शपथ, आलं नव्हतं. मला वाटलं होतं, फार तर बिघडेल आणि पुन्हा करावं लागेल.

"मी सांगितलं असतं तर?" मी विचारलं. "जाऊ नको, असं म्हटलं असतं तर?"

तिनं वही मिटली.

"राहिली असती," ती म्हणाली. "दोन वर्षं, चार वर्षं राहिली असती. मग तुमच्यावर रोज चिडली असती."

ते मलाही ठाऊक होतं. म्हणून तर मी तोंडानं म्हटलं नव्हतं. तिच्या पायात मी स्वतः दोर बांधला, असं व्हायला नको होतं. रॉकेटनंच तिला अडवावं, पॉलिशनं अडवावं, हवेनं अडवावं, आणि माझं नाव कुठं येऊ नये. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि केवढी भित्री.

बाबूजी एकच बोलले, "काढ ते सगळं. तूच काढ."

पॉलिश चढवायला जेवढी कला लागते त्याहून जास्त उतरवायला लागते. स्पिरिटचं कापड फिरवलं की लाख सुटते, पण बाल्सा फुगतो. म्हणून मी पेपरनंच घासत बसले, चारशे नंबरच्या. दुपारी नाही, सकाळपासून, सगळ्यांसमोर. भूमेश्वरी शिकवणीला गेली, आली, मी तिथंच. एक हात, दोन हात, अशी लाख पांढऱ्या धुळीसारखी मांडीवर पडत होती. बुडाशी घातलेली भर काढताना दोन नंबरच्या पंखावर माझा हात जास्त गेला. तिथला आकडा आणि बाण दोन्ही पुसले गेले. मी थांबले, तिला हाक मारली, दाखवलं.

तिनं पंखावरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "अजून थोडं आहे. तिकडून घासा."

दोन दिवसांनी फक्त एक पातळ हात उरला. बोट पुन्हा जुन्या खुणेवर आलं. अंगणात तिनं दोरा फिरवला तेव्हा रॉकेटनं नाक पुढं धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली. माझी त्या दिवशीची मजुरी तेवढीच, आणि ती पुरेशी होती.

बिरसीचं विमानतळ जवळ असल्यामुळं मुर्रीकडं उडवायची सोय नव्हती. योगराजनं चिचगडला परवानगी काढली. चोवीस डिसेंबरचा रविवार ठरला. आम्ही तिघं देवरीपर्यंत बसनं गेलो, तिथून योगराजच्या गाडीनं. रॉकेट भूमेश्वरीच्या मांडीवर होतं, त्याच जुन्या साडीत.

मंगरूभाऊंच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धान कापून झाला होता. पायाखाली फण, कापलेल्या धानाचे खुंट, टोचत होते. पलीकडं पळसाची झाडं, त्यापलीकडं जंगल. मंगरूभाऊ वयानं मनोहरलालजींएवढे, पण काठीसारखे सरळ. त्यांनी रॉकेट हातात घेतलं, पंखावर नख फिरवलं, वास घेतला.

"माही लाख आहे ना हे?"

"तुमचीच," मी म्हटलं.

"येवढीशीच लावली? मी तं पिशवीभर देल्ती."

भूमेश्वरीनं तोंड दुसरीकडं वळवलं. माझा चेहरा काय झाला असेल देव जाणे. मनोहरलालजींनी मला सांभाळून घेतलं. "भाऊ, बाकीची हिनं खाऊन टाकली," ते म्हणाले, आणि मंगरूभाऊ मोठ्यानं हसले.

योगराजनं सळई रोवली, रॉकेट चढवलं, मोटरमध्ये तार खोचली. आम्हाला तीस पावलं मागं नेलं. बटणाची डबी भूमेश्वरीच्या हातात दिली. वारा जवळजवळ नव्हता. तिनं पाचापासून उलट मोजलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. टक् असा आवाज आला, तेवढाच. सळईवर रॉकेट तसंच उभं होतं.

आणि मला आनंद झाला. एवढं सगळं घासून उतरवलं होतं, पोरीसमोर मान खाली घातली होती, तरी माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडालं, की नाही उडालं, नाही उडालं. हे मी कोणाला सांगितलं नाही. भूमेश्वरीलाही नाही.

योगराज मिनिटभर थांबला, मग जाऊन तार पाहिली. टोक जळलं होतं, मोटर पेटली नव्हती. त्यानं दुसरी तार खोचली. तो परत येईपर्यंत मी बाजूच्या मेरीवर, शेताच्या बांधावर, बसले. उठून उभं राहावं असं मला वाटलं, म्हणून उठले. भूमेश्वरी माझ्याकडं आली.

"मोजता का, आई?"

मी मोजलं. पाच, चार, तीन, दोन, एक. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

फटाक्यासारखा आवाज नव्हता. खूप मोठं कापड एका झटक्यात फाडल्यासारखा होता. सळई हलली आणि रॉकेट तिथं नव्हतं. डोकं वर करेपर्यंत ते पळसाच्या शेंड्यांच्या कितीतरी वर होतं, सरळ, एका रेघेत, मागं पांढरा धूर सोडत. ते वळलं नाही. त्याला जिथं जायचं होतं तिथं ते गेलं. मग एकदम लहान झालं, दिसेनासं झालं, आणि आभाळात एक बारीक ठो झालं. तांबडा ठिपका उघडला. भूमेश्वरीच्या जुन्या ओढणीचं पॅराशूट होतं ते.

मनोहरलालजी दोन्ही हात कमरेवर ठेवून वर पाहत होते. त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला, बैल हाकताना निघतो तसा. उमेंद्र गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रॉकेट तरंगत तरंगत शेजारच्या बांधीत उतरलं. भूमेश्वरी फणांमधून धावत गेली, लहान पोरीसारखी. तिनं ते उचललं, उलटसुलट पाहिलं. एका पंखाला तडा गेला होता, बाकी काही नाही.

परतताना देवरीला बसस्टँडजवळ आम्ही चहाला थांबलो. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. भूमेश्वरीनं बॅगेतून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. लावला नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती हायवेकडं पाहत होती. मला कळलं, ती माझ्यासाठी थांबली आहे. माझ्यादेखत तो फोन लावणं तिला जमत नव्हतं.

मी फोन उचलला. "ओमेशचा नंबर लाव," मी तिला म्हटलं.

तिनं लावून दिला.

"कोण? ताई?" ओमेश पलीकडून म्हणाला.

"गोमतीमावशी बोलून राहिली, बेटा. रॉकेट उडालं. सरळ गेलं. आता तारीख काढा. मुलीची पाठवणी माह्या घरून होईल, तुमच्याकडून नाही. एवढं ऐका माहं."

तो काहीतरी बोलला, मला नीट ऐकू आलं नाही. मनोहरलालजी चहावाल्याला म्हणाले, "आणखी एक एक दे गा. ह्या बाईसाठी साखर जास्त."

लग्न पुढच्या फेब्रुवारीत, मुर्रीच्याच अंगणात झालं. भूमेश्वरी आता वारासिवनीला असते. तिथल्या शाळेत गणित शिकवते. धनेंद्र शांत माणूस आहे. तिला सव्वा वर्षाची मुलगी आहे, तिचं नाव प्रिया ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी भूमेश्वरीचा फोन येतो, आणि कधी नाही आला तर मी लावते. माझ्यावर ती पुन्हा कधी रागावली नाही, पण वर्षभर मला ते खरं वाटत नव्हतं.

योगराज चिचगडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वर्षातून दोनदा तो मुलांकडून रॉकेट करून घेतो. उमेंद्रचं रॉकेट आम्ही त्यालाच दिलं. तडा गेलेला पंख त्यानं बदलला, ते आणखी दोनदा उडालं, आणि तिसऱ्या वेळी वाऱ्यानं जंगलात गेलं ते सापडलं नाही. तो फोनवर सांगताना अडखळत होता. मी त्याला म्हटलं, असू दे.

मंगरूभाऊ गेल्या पावसाळ्यात वारले. लाखेचं काम आता त्यांची सून जमुना पाहते.

मनोहरलालजींना ऐकू कमी येतं. कारखाना त्यांनी कधीच बंद केला होता, आता अवजारंही एका ओळखीच्या सुताराला दिली. ते सकाळी पेपर वाचतात आणि दुपारी तोच पुन्हा वाचतात.

मी अजून पॉलिश करते. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं राहिलं आहे. गल्लीतली कोणी खुर्ची आणते, कोणी पोळपाट. आता मी कशालाच तीनपेक्षा जास्त हात देत नाही.